दोन एमबीत मावेल अशी

केमचीच्या वाचनालयातला स्कॅनर
ए-फोरच्या पुढे जात नाही.
म्हणून नाहुएलकीन मेस्त्रींची होडी
मी सहा तुकड्यांत उचलली
आणि पडद्यावर सांधली,
नाळेला कणा, कण्याला सुकाणू,
तरी मधे एक केसभर फट राहिलीच.
त्यांनी तिच्यात काथ्या ठोकला असता.
मी शेजारचे पिक्सेल ओढून आणले.

बंदर कार्यालयाला जुन्या होड्यांची नोंद हवी आहे.
एकच फाइल, दोन एमबीच्या आत,
कागद पांढरा, रेषा काळ्या.
माझ्याकडे अठ्ठेचाळीस एमबी
आणि कागद जुन्या दातासारखा.

आधी उजेड वाढवला.
पिवळं उतरलं, घडी उतरली,
कपाच्या बुडाचं वर्तुळ अर्धं गेलं, अर्धं अडून बसलं.
मग ठिपके.
चारशे टक्के मोठं करून बघत होते
एकेक,
हा माशीने टाकला
की कर्कटकाच्या टोकाने?
ठिपके पुसायचं एक बटण असतं,
त्याला असले प्रश्न पडत नाहीत.
तीन पिक्सेलच्या आतलं सगळं त्याला घाण.
दाबलं,
आणि नाळेवरची खिळ्यांची अख्खी रांग
पाण्यात पडल्यासारखी गेली.
मागे घेतलं.
पुन्हा माशी, पुन्हा खिळा, हाताने,
दुपार होईपर्यंत.

मला वाटायचं, रेषाच जड असतील.
म्हणून गंमत म्हणून सबंध होडी पुसून पाहिली,
नुसता कागद ठेवला.
फाइल जेमतेम हलली.
वजन सगळं कागदाचंच होतं:
या बेटावरची ओल, चुलीचा धूर,
खणात दुमडून काढलेली एकतीस वर्षं.
कोऱ्या पांढऱ्याचं काम संगणक एका वाक्यात उरकतो,
इथून तिथवर काही नाही.
सुरकुतीला मात्र
कणाकणाचं नाव घ्यावं लागतं.

संध्याकाळी उरले दोन पूर्णांक सहा
आणि सुकाणूजवळ एक तपकिरी डाग.
रेघारेघांचा, गोल.
अंगठा.
त्या एकट्याचेच सहाशे केबी.

मेस्त्रींना निरोप धाडला.
ते आले, टोपी पिळून खुर्चीवर ठेवली,
आणि पडद्यापासून लांब उभे राहून बघितलं,
होडी पाण्यावर असताना बघतात तसं.
"स्वच्छ झाली," म्हणाले.
मी डाग दाखवला.
"ते डांबर. तळाचं. वाळलं नव्हतं तेव्हा."
म्हणजे होडी आधी?
"मग काय! कागदावरून कोण बांधतं?
इन्स्पेक्टर यायचा होता,
दोन रात्री बसून काढली,
एल्साच्या शाळेच्या पट्टीने."

मी सकाळपासूनच्या त्या रेषांकडे पाहिलं,
ज्यांच्यासाठी एकेक खिळा वाचवला होता.
कपाचं वर्तुळ तेव्हाचंच असणार,
दुसऱ्या रात्रीचं बहुतेक.

त्यांनी वाकून आपला अंगठा
पडद्यावरच्या अंगठ्याशेजारी धरला.
तो चारशे टक्के होता, बशीएवढा.
"एवढा नव्हता माझा," म्हणाले, गंभीरपणे.
मग म्हणाले, पूस की,
त्यांना काय करायचंय त्याचं.

पुसला.
एक पूर्णांक नऊ.
पाठवलं, आणि निळी पट्टी
पाय ओढत निघाली,
कारण केमचीत पाऊस असला
की इंटरनेटही ओलं होतं.

पोर्फियादा तिचं नाव, म्हणजे हट्टी.
आता तिच्या फळ्यांचं
आउचोच्या वाटेवर कुणीतरी खुराडं केलंय;
कोंबड्या बऱ्या राहतात, म्हणे, गळत नाही.

पट्टी अर्ध्यावर असताना त्यांनी विचारलं,
"आणि ती, न पुसलेली? ती केवढी?"
अठ्ठेचाळीस, मी म्हटलं. ठेवलीय मी.
त्यांनी मनात काहीतरी मोजलं,
ओठ हलले.
"कमीच आहे," म्हणाले.
"बटाट्यांनी भरली
की अकरा टनांची व्हायची."