ब्रेकची तार

रविवारी सकाळी सातला अस्मारात
रस्ते सायकलींचे असतात.
गाड्या तशाही कमी, पेट्रोलची रांग लांब म्हणून,
पण आम्ही म्हणतो आमच्या मानासाठी थांबल्यात.

माझं नाव अवेत. अर्थ: विजय.
गेल्या शर्यतीत एकोणचाळिसावा आलो.
बेचाळीस जणांत.
आई शेजारणीला सांगते, "एकोणचाळिसावा आला हो,"
आणि पुढचा आकडा गिळून टाकते
कॉफीच्या तिसऱ्या कपाबरोबर.

दुकानात दिवसभर मी इतरांच्या चाकांचे आरे सरळ करतो.
चाक हवेत धरायचं, फिरवायचं, कान द्यायचा.
कुठे डगमगतंय ते डोळ्याआधी कानाला कळतं.
हे त्सेगायने शिकवलं. त्याला सायकल येत नाही,
तो क्रार वाजवतो, लग्नांत,
आणि लग्नं नसतील तेव्हा आमच्या जिन्यात.
त्याच्या क्रारची दुसरी तार माझी आहे,
म्हणजे ब्रेकच्या जुन्या केबलमधला एक धागा,
उलगडून, घासून, रॉकेलने पुसून दिलेला.
जरा खरखरते.
नवरीकडच्यांना वाटतं, काय खास ढंग आहे!
मला मात्र नाचता नाचता
उतारावर असल्यासारखं होतं
आणि उजवा हात आपोआप मिटतो.

गेरगिसमामा सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवतो.
तिथे एक जुना इटालियन सिनेमा आहे,
त्याचं शेवटचं रीळ हरवलंय माझ्या जन्माआधी.
नायक फलाटावर, हातात बॅग,
गाडीची शिट्टी,
पांढरा पडदा.
लहानपणी मला वाटे, सगळेच सिनेमे असे संपतात.
मग बाहेर पायऱ्यांवर भांडण. न्हावी म्हणतो, गेला.
भाजलेले हरभरे विकणारी लेतेब्राहन म्हणते,
कुठला जातोय, बॅग रिकामी होती,
बघितलं नाहीस कशी उचलली ती?
मामा म्हणतो, "मला पांढरा पडदाच आवडतो.
त्यावर माणसं आपापल्या सावल्या घेऊन उठतात."
हे जरा जास्तच झालं, पण फुकट आत सोडतो,
तेव्हा ऐकून घेतो.

प्रवासाचं म्हणाल तर
मी मसावापर्यंत जातो. खाली.
एका सकाळीत तीन हवा:
वर स्वेटर, मध्ये ढग, शेवटी मीठ.
वळणांवर माकडं बसतात पंचांसारखी
आणि माझी वेळ कुणी नोंदवत नाही.
खाली पोचलो की पुढचं चाक समुद्रात घालतो.
गंजतं, ठाऊक आहे.
तेवढंच माझं परदेश.

भाऊ सिराक स्वीडनमध्ये असतो.
नेट चालू असेल तेव्हा त्याचा आवाज येतो:
तिथे सायकलींना वेगळा रस्ता, वेगळा सिग्नल,
आणि दुपारी तीनला अंधार.
घरातून निघाल्याचं तो सांगतो, कोणता शर्ट होता तेही.
तिथला पहिला बर्फही सांगतो.
मधलं रीळ त्याने कधी लावलं नाही.
आईने एकदा विचारलं.
बराच वेळ फक्त खरखर आली,
मग तो म्हणाला, अवेत कितवा आला?

परत येताना चढ असतो, म्हणून बस.
सायकल टपावर, दोरीने बांधलेली, शेजारी दोन बकऱ्या.
कालच्या बसमध्ये एका म्हातारीने विचारलं,
"कुठून आलास?"
"अस्माराहून."
"आणि निघालास कुठे?"
"अस्मारालाच."
ती इतकी हसली की तिची टोपली कलंडली,
मग दोन संत्री माझ्या हातात कोंबून
माझ्याच खांद्यावर झोपली.

ढगात शिरलो तेव्हा काचेबाहेर सगळं पांढरं.
कुणी बोलत नव्हतं.
वर टपावर माझं मागचं चाक
वाऱ्याने आपलं आपण फिरत होतं,
आणि मला ऐकू आलं,
एक आरा सैल आहे.
सातवा. नाहीतर आठवा.