काळा चौकोन

आधी पन्हाळीचं नळकांडं गेलं.
तांब्याचं, वीस वर्षांत हिरवं पडलेलं.
सकाळी भिंतीवर नुसते चार खिळे
आणि बर्फात शिडीच्या पायांचे दोन खळगे.
पोलिसानं वही काढली, म्हणाला,
"नायसेच्या काठावरची ही तिसरी, हेर पेटझोल्ड,"
आणि पेन झटकत राहिला. शाई गोठली होती.

मग येन्स आला कॉटबुसहून, खोकी घेऊन.
बिनतारी की तारेचा, यावर कॉफीची एक किटली संपली.
मी रेल्वेच्या सिग्नलवर एकतीस वर्षं काढलेला माणूस,
हवेतून आलेल्या निरोपावर गाडी सोडत नाही.
शिवाय उणे पंधरात बॅटरी म्हाताऱ्यासारखी वागते,
आहे आहे म्हणते, आणि नसते.

भोक बाहेरच्या अंगाला किंचित उतरतं पाडायचं.
तार आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा,
म्हणजे पाणी तारेवरून चालत येतं,
झोळाच्या तळाशी थबकतं
आणि घरात न येता टपकन पडून जातं.
हे मला फार आवडलं.
येन्सला मी ते दोनदा समजावून सांगितलं,
त्यानंच मला शिकवलेलं.

पूर्वेला तोंड नको, सकाळचं ऊन आंधळं करतं.
वळचणीला टेकून नको, कोळी जाळं धरतो
आणि रात्रभर पडद्यावर पांढरे पाय.
हात पोचणार नाही इतका वर,
पण चेहरा टोपीखाली लपणार नाही इतका खाली.

एवढं झाल्यावर कायदा.
रस्ता दिसता कामा नये. शेजार दिसता कामा नये.
येन्सनं पडद्यावर बोटानं चौकोन ओढला
आणि फ्राउ क्रालची अख्खी बाग काळी झाली:
सफरचंदाचं झाड, पाखरांच्या दाण्यांचा डबा,
स्वयंपाकघराची ती पिवळी खिडकी,
सहा वाजून पाच मिनिटांनी उजळणारी,
जिच्यावर मी माझं घड्याळ लावत आलो.
ती कुंपणापाशी आली. मी फोन पुढे केला.
चष्मा कपाळावर सारून
तिनं आपलं नसणं नीट तपासलं.
"छान," म्हणाली, "आता तुम्ही मला ओळखत नाही."

चोर काही आला नाही.
कोल्हा आला. पेपरवाली आली. बर्फाचे कण
रात्री दोनला फोन वाजवून गेले.
आणि तिचं मांजर, मूरित्स,
रोज अंगणातून चालत काळ्यात शिरायचं:
आधी मिशा, मग पाठ, शेवटी शेपटी,
ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं.
मी खिडकीला जाड पडदा लावला.
ऊब टिकते. आणि बघायला फोन होताच.

फेब्रुवारीत, एका गुरुवारी,
मांजर काळ्याच्या काठाशी बसलेलं.
साडेसहाला. पावणेसातला. सातला.
"हालचाल: प्राणी." मी पुसून टाकलं, पुसून टाकलं.
पुढच्या तुकड्यात
त्याच्या पाठीवर बर्फ साचला होता.

मी पडदा ओढला.
खिडकी पिवळी होती, दार उघडं,
आणि झाडाखाली तिचा निळा कोट, आत ती,
मुठीत सूर्यफुलाच्या बिया घट्ट धरून.
खुब्याचं हाड. शुद्धीवर होती.
मी गुडघे टेकले तर म्हणाली,
"तुमच्याकडे काही दिसलं नाही ना?"
"नाही," म्हणालो.
"मग बरोबर बसवलाय."

चौकोन अजून तिथेच आहे; ती परत येईपर्यंत
मी कुणाला विचारून काढू?
नळकांडं प्लास्टिकचं आणलं. ते कुणी नेत नाही.
मांजर माझ्याकडे जेवतं,
आणि रात्री काळ्याकडे निघालं
की मी फोन पालथा ठेवतो, चष्मा शोधतो,
आणि काचेला नाक लावून बघत राहतो
ते कुठवर गेलं.