रुमाल

धायरीच्या गच्चीवर रात्रीचे पावणेअकरा.
तिवईवर माउंट,
निगडीच्या घोलपांकडून अर्ध्या किमतीत घेतलेला.
मांडीवर लॅपटॉप, त्यावर लिनक्स.
दोघांच्या मधे एक अडॅप्टर, आगपेटीएवढा,
तपकीर गल्लीतला. एकशे ऐंशी रुपये, बिल नाही.
चालेल ना, विचारलं तर दुकानदार म्हणाला,
"ताई, न चालायला काय झालंय?"

ते आज बघतेय.

माउंटचा दिवा लाल. ढिम्म हलत नाही.
आधी वायर बदलून पाहिली. वायरींचा डबाच आहे घरात,
त्यातल्या निम्म्या फक्त चार्जिंगच्या,
त्यांना बोलता येत नाही, नुसत्या जेवतात.

मग परवानगी.
यंत्र म्हणालं, तुम्ही डायलआउट गटात नाही.
मी!
बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं
रिले घासले, ट्रंक कॉल जोडून दिले,
लोकांची बारशी आणि मयतं कानावरून गेली,
आणि डायलआउटमध्ये माझं नाव नाही.
घातलं. लॉगआउट केलं, परत आत आले.
बाहेर पडून पुन्हा दार वाजवल्याशिवाय
आतले लोक नवी यादी वाचत नाहीत.

तरीही नाही.

शेवटी कर्नलची वही उघडली.
लाइनमन लिहायचे तशी, वेळेसकट, कुणावर न रागावता:
अडॅप्टर आला. ओळखला. टीटीवाय-यूएसबी-शून्य नाव ठेवलं.
आणि पुढच्याच ओळीत,
ब्रेलटीटीवायने घेतला. सुटला.
बारसं झालं आणि मूल शेजाऱ्याच्या कडेवर.

कोण हा? वाचत गेले.
ज्यांना पडदा दिसत नाही
त्यांच्या बोटांखाली ठिपके उभे करणारा प्रोग्राम.
माझ्या स्वस्त चिपचा नंबर
त्यांच्या एका यंत्राच्या नंबराशी जुळतो.
त्याला वाटलं, कुणीतरी वाचायला आलंय,
आणि स्वारगेटला बसच्या खिडकीतून टाकतात
तसा त्याने पोर्टवर रुमाल टाकला.

उपाय सोपा. काढून टाका त्याला.
एका ओळीची आज्ञा. टाइपही केली.
एंटरवर बोट,
आणि जिन्यात काठी: टक, टक, मग जरा थांबून टक.
ती सातवी पायरी, तिचा कोपरा फुटलाय.
मुजावर सर. तिसरा मजला.
जेवण झालं की वाऱ्याला वर येतात.

"काय मॅडम, सापडला का शनी?"
"तुमच्या माणसाने जागा अडवलीये," म्हटलं
आणि सगळं सांगितलं.
सर इतके हसले की टाकीवरचं कबूतर उडालं.
"शाळेत आमच्याकडे ते यंत्र एकच,
तेही दिवाळीपासून दुरुस्तीला.
आणि हा इथे माझ्यासाठी जागा धरून बसलाय!"

आज्ञा पुसली, मागून पुढे, एकेक अक्षर.
नियमांच्या फायलीत शिरून ती एकच ओळ शोधली,
माझ्या चिपचा नंबर असलेली,
तिच्या तोंडाशी हॅश ठेवला.
बाकीच्या तशाच. खरंच कुणी आलं तर.

अडॅप्टर उपटला, खोचला.
शून्य आलं, आणि टिकलं.
नऊ हजार सहाशेचा वेग.
माउंटने घसा खाकरल्यासारखं केलं
आणि मान वळवली कात्रजच्या अंगाला.

सरांनी विचारून मोटरवर तळवा ठेवला.
"बारीक चाललंय काहीतरी. थांबत नाही?"
"नाही. शनी सरकतो, त्याच्या मागे."
"शनी सरकतो का आपण?"
"आपण."
काही बोलले नाहीत. हात तसाच ठेवून उभे.

मी डोळा लावला. फोकस बसत नव्हता,
सिंहगडाकडून ढग निघाला होता.
"कडं दिसलं?"
"कुठलं कडं! नुसता ठिपका आहे अजून."
"एकच?"
"एकच."
"डावीकडे, वर असेल," सर म्हणाले,
"तर तो अ."