परतीचं तिकीट

सोरोकाच्या बसस्थानकात दोन नंबरची खिडकी माझी.
एकोणीस वर्षं मी काचेच्या अर्धगोल भोकातून
माणसं पाहिली, म्हणजे बहुतेक वेळा हातच:
द्राक्षं खुडून जांभळे पडलेले,
नोटा दोनदा मोजणारे,
चिल्लर सांडली की वरूनच "माफ करा" म्हणणारे.

इथून सगळे जातात.
आया जातात इटलीला, परक्या म्हाताऱ्यांना भरवायला,
बाप जातात विटा रचायला,
आणि मागे उरलेली पोरं
रविवारी फोनच्या पडद्यावर आई बघतात,
तीही अधूनमधून गोठते.
मी कुणाला अडवत नाही.
जाणाऱ्याला तिकीट देणं, यावर तर माझं पोट.

रुक्सांदालाही मीच दिलं.
दगडखाणीजवळची पोर, हिरवा कोट,
एक बटण वेगळ्या रंगाचं.
सोबतचा माणूस तिला भाची म्हणत होता.
त्यानं जायची दोन मागितली,
परतीचं एक.
यंत्रानं टक्कन फाडून दिलं.
त्या संध्याकाळी गल्ला जुळला,
पैचा फरक नाही.

दोन वर्षांनी तिची आई खिडकीशी आली.
तिकीट नको होतं तिला.
भोकातून फोटो आत सरकवला:
"ही दिसली होती का?"
मी बटण ओळखलं.
चेहरा मी पाहिलाच नव्हता.

तेव्हापासून मी वाकून बघते.
मान दुखते, रांग कुरकुरते, साहेब ओरडतो.
बघू दे.

गेल्या ऑक्टोबरात स्तेलुत्सा आली.
सतरा पुरी नसेल. नखांवर ताजा गुलाबी रंग,
बुटांत मात्र वर्तमानपत्र कोंबलेलं.
मागे एक बाई, अत्तराची,
बोलणं असं की जिभेवर साखर विरघळावी:
"हॉटेलात काम आहे हो, पोरीचं सोनं होईल."
पोरीचा पासपोर्ट बाईच्या पर्समध्ये.
जायची दोन.
परतीचं एक.

मी म्हटलं, "रोल संपलाय."
रोल संपला नव्हता, मांडीवर होता.
"नवा आतल्या खोलीत आहे. वरच्या फळीवर.
माझा गुडघा धड नाही. पोरी, तू ये जरा."

आत मी तिला चहा दिला
आणि फोटो दाखवला. बाकी काही सांगितलं नाही.
सांगण्यासारखं तरी काय होतं?
तिनंच विचारलं, "ही कुठंय?"
मी म्हटलं, "तेच तर."
मग दोम्निकाला फोन लावला, मग पोलिसांना.
पोलीस पाऊण तासानं आले.
पासपोर्ट त्यांनी सोडवला. बाईला लगेच सोडलं.

स्तेलुत्सा माझ्यावर थुंकली नाही एवढंच.
"सहाशे युरो! महिन्याला! तू देणारेस?
भावाचे दात कोण करणार? लाकडं कोण आणणार?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
दोम्निकाकडे होती एक भट्टी,
जुन्या सामुदायिक शेतीच्या गोदामात,
पहाटे चारला पीठ मळणाऱ्या नऊ मुली
आणि पगार, त्या सहाशेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी.
ती गेली. दोनदा पळाली. दोनदा परत आली.
दुसऱ्यांदा भावाला घेऊन.

या जूनमध्ये खिडकीत पिठाचा वास आला.
वाकायच्या आत ओळखला मी तो हात,
मनगटाशी भट्टीचा चटका.
"बोलोन्या. बेकरीतच. करार दोम्निकानं तीनदा वाचलाय,
तिथं फोन करून मालकाच्या बायकोशी बोललीय."
पासपोर्ट तिच्याच खिशात.
एक जायचं.
एक यायचं, तारीख उघडी.
सुट्टे पैसे मोजताना माझाच आकडा चुकला.

अत्तरवाली आता आमच्याकडे येत नाही.
ड्रायव्हर म्हणतात, बाल्त्सीहून गाडी धरते.
तिथल्या खिडकीत कोण बसतं
मला ठाऊक नाही, बाई की बुवा.
तरी पत्र टाकलंय, पत्त्यावर नुसतं "तिकीट खिडकी".
जास्त लिहिलं नाही.
जरा वाकून बघत जा.
आणि परतीचं एकच मागितलं,
तर म्हणा, रोल संपलाय.