उलव्याची टेकडी

बेलापूरच्या रद्दीवाल्याकडे ऐंशी रुपयांत मिळालं,
बांधणी सुटलेलं. आत चिनी डोंगर.

फान कुआननं म्हणे कड्यापायी
मुंगीएवढी माणसं काढली
आणि पानांत नाव असं दडवलं
की सापडायला नऊशे वर्षं गेली.

माझं नाव उजव्या कोपऱ्यात, चौकटीत.
आरेखक: र. वि. खाडिलकर.
उलव्याची टेकडी मी समोच्च रेषांत काढली,
पाच-पाच मीटरला एक,
कांद्याच्या चकत्यांसारखी.
मग त्याच रेषांवरून ती कापली,
वरून खाली. विमानतळासाठी.

हसुराम तेव्हा माझी साखळी धरायचा.
परवा पुनर्वसनातल्या घरून आला, म्हणाला,
"सायेब, कागदावं तरी हाय ना ती?"

होती. पिवळ्या ट्रेसिंगवर, ठिसूळ.
त्यानं उलटीसुलटी पाहिली.
"यो आमचा डोंगूर नाय."

नी झान माणसं जवळपास काढायचाच नाही.
चार झाडं, रिकामी झोपडी,
पाणी म्हणजे नुसता कोरा कागद.
मी शाई पातळ केली, नातवाचा ब्रश घेतला.
रेघ तरी सारख्याच जाडीची येई,
हात सरकारी.

हसुरामनं ओला अंगठा मधोमध ठेवला.
शाई पसरली. खाडीवरचं धुकं
पहाटे असंच चढायचं, खरं.
"करवंदीची जाली हय व्हती. आयस बसाची."

जाळीत मी पानं टिपत गेलो, बारीक बारीक,
आणि त्यांत त्याच्या आईचं नाव.

कागद गुंडाळून तो निघाला.
चष्मा आणला नव्हता त्यानं.