खडकाला कूळ

अमावास्येची सुकती. पाणी पार खाली गेलं
तेव्हा द्वारका तारीनं पहिल्यांदा पाहिलं:
कालवांच्या पाठीवर काळी काळी नखं,
बारीक धाग्यांनी एकमेकांना बांधलेली.
"गो, ही खयची?"
कोणी म्हणालं, शिनाण्यांची पिल्लं.
कोणी म्हणालं, बंदरात मोठी जहाजं लागतात,
त्यांच्या बुडाला चिकटून आली असतील.
आम्ही कोयतीनं चार खरवडली
आणि पाण्यातच फेकली.
ती चूक आमची. लिहून ठेवलेली बरी.

दोन वर्षांनी कोंबडखडक होता तिथंच होता,
पण त्याचं अंग दिसेना.
कालव जिथं तोंड उघडायचं
तिथं यांची तोंडं, आधीच उघडी.
शिंपला फोडावा तर आत नुसता चिखल.
एका सुकतीला टोप भरायचा,
आता वाटी.
कपारीतला गोब्रा कुठं गेला,
पत्ता ठेवून गेला नाही.

नाव नव्हतं त्यांना.
कॉलेजच्या वहीत होतं, जीभ अडखळेल असं.
गुणवंती म्हणाली, "खडकाक कूळ लागला गो!"
सगळ्या हसलो. तेच नाव पडलं.

हसले खरी, पण रात्री मला आजा आठवला.
खोताच्या जमिनीतलं कूळ होता तो,
नांगरता नांगरता सातबाऱ्यावर चढला.
तेव्हा खोतीण म्हणे असंच बोलली होती:
कुठून आली ही, बुडाला चिकटून.
दारातला काजू, तोही जहाजातूनच उतरलेला.
मिरचीसुद्धा,
आणि तिच्याशिवाय तिखलं कसलं?
मग परकं म्हणायचं कोणाला,
आणि कोणत्या तोंडानं?

हेमांगीला विचारलं. भाची माझी,
रत्नागिरीला मासे शिकते.
ती बोलली नाही. लोखंडी चौकट खडकावर ठेवली,
हातभर लांब, हातभर रुंद.
म्हणाली, मोज.
सातशे चाळीसपर्यंत मोजली, मग पाठ भरून आली.
म्हणाली, आता यातली कालवं मोज.
तीन.
"आत्या, तुझ्या आज्यानं शेत घेतलं,
पण बांधावरचा आंबा, शेजाऱ्याची वाट
ठेवली होती ना?"
ठेवली होती.
त्या वाटेवरून जन्मभर भांडला, ते निराळं.

आता दर उधाणाला उतरतो, अकरा जणी.
खरवडायचं ते पोत्यात,
पोतं भरतीच्या रेषेपलीकडं, वर, उन्हात.
पाण्यात एक टाकायचं नाही,
जखमी झालं की बी सोडतं म्हणे,
मरतानाही पोरांची सोय बघतं.
वाळली की चुन्याच्या भट्टीत.
चिमूटभर द्वारका पानाला लावते.
शालननं एकदा तिरफळ घालून रस्सा केला होता.
"चव कशी?"
"चिखलाक मीठ लावल्यासारखी."
मांजरानं मात्र दोनदा खाल्लं.

होडीचा तळ खाडीत घासू नका, जेटीवर ओढा,
म्हटल्यावर भिकाजी तांडेल तीन दिवस बोलला नाही.
चौथ्या दिवशी आला, होडी ओढायला
माणसं मागायला.

साहेब आले एकदा, बूट हातात घेऊन.
विचारलं, हे कधी संपेल?
हेमांगी म्हणाली, संपणार नाही. राखावं लागेल.
साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.
मला मात्र बरं वाटलं.
दात घासणं कुठं संपतं,
अंगण झाडणं कुठं?

सगळी खाडी आमच्या हाताबाहेरची.
हा एक खडक तेवढा धरलाय.

परवाच्या पौर्णिमेला चौकटीत
नऊ कालवं निघाली. अगदी लहान,
कागदासारखी, कडेनं कापरी.
दोनदा मोजली. द्वारकानं तिसऱ्यांदा.
मी कोयती उलटी धरली
आणि तिच्या बोथट पाठीनं
त्यांच्याभोवती खरवडत राहिले,
पाणी पोटऱ्यांना लागलं तरी.