जमाखर्च, उणे एकतीस

विनिपेगमध्ये डिसेंबर संपत आलाय.
खिडकीच्या काचेला आतूनच बर्फ धरलाय
आणि मी ओट्याशी स्टूल ओढून
वर्षाचा हिशेब मांडून बसलेय.
तेवीस प्रयोग. एक रद्द, बॉयलर फुटला म्हणून.
दोन ठिकाणचं मानधन अजून येणे.
शहामृगाच्या पिसांचा पंखा, डाव्या हातातला, कसरीने खाल्ला.
उजवा गुडघा ऑक्टोबरपासून
मध्येच आपलं काहीतरी बोलतो.

दिवसा मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवते.
महिन्यातून दोन रात्री, मिस पर्माफ्रॉस्ट.
काम म्हटलं तर एकच,
लोकांना हसता आलं पाहिजे.

या गावात कपडे उतरवणं ही काही माझी मक्तेदारी नाही.
दारातच उभं राहून बघा:
बस चालवणारा टेरेन्स मफलर सोडतोय, फेऱ्यामागून फेरा,
दोघी म्हाताऱ्या बहिणी एकमेकींचे बूट ओढतायत,
कुणी हातमोज्याचं एकेक बोट दातांत धरून
सावकाश मोकळं करतंय.
अर्धा तास चालतं हे,
आणि टाळी कुणी वाजवत नाही.
मी तेच करते. फक्त ट्रम्पेटवर.

एप्रिलच्या पानावर आकडे नाहीत.
नदीवरचा बर्फ तडकत होता, आई गेली तेव्हा.

चाळीस वर्षं तिने युक्रेनी चर्चच्या पाद्र्यांचे झगे शिवले
आणि अकरा वर्षं माझे.
जर दोन्हीकडची एकाच डब्यात.
कशासाठी, ते कधी विचारलं नाही.
एकदाच म्हणाली, टाचण्या ओठांत धरून,
"दार्का, एवढंसं कापड, आणि एवढं काम?"

तिचा टाका सुटत नसे. हीच पंचाईत.
फेब्रुवारीत, भर प्रयोगात, डावा हातमोजा निघेना.
कोपरापाशी तिने बटण टाचलेलं, दुहेरी दोऱ्याने, वर गाठ,
जणू मला शाळेतच पाठवायचं होतं.
ओढलं. दातांनी ओढलं.
ड्रमर लूसियाँ तेच चार ठोके पुन्हा पुन्हा वाजवत राहिला.
लोक हसले, मग मीही.
पहिल्या रांगेतल्या बाईने पर्समधून नखकात्री काढली,
मी मान हलवली, नको,
आणि तो एक हात झाकलेला ठेवून
बाकीचं सगळं उतरवलं.
वर्षातला सगळ्यात मोठा कडकडाट तो.
रात्री आईला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, "बटण तुटलं नाही ना?"

जुलैत एक पोरगा मागून ओरडला, वय काय?
एक्कावन्न, म्हटलं, आणि अजून अर्धंच बघितलंयस.

पुढच्या वर्षी:
पंख्याच्या पेटीत देवदाराच्या गोळ्या.
येणे वसूल करणे, निदान थंडर बेचं.
गुडघा कुणाला तरी दाखवणे.
त्या नव्या मारिसोलला गोंद कुठला ते सांगणे,
आणि मला कुणी सांगितलं नव्हतं तेही:
घाई करणारीकडे कुणी बघत नाही.

आणि एक नवा प्रयोग. उलटा.
पडदा सरेल तेव्हा मी उभी, अंगावर जवळपास काहीच नाही.
मग एकेक.
लोकरी मोजे. परकर. स्वेटर, डोकं अडकतं तो.
आईने अस्तरावर माझं नाव शिवलेला कोट,
बटणं खालून वर, एकही न गाळता.
मफलर. टोपी. शेवटी ते हातमोजे.
नाकाच्या शेंड्याएवढीच उरले
की टेबलांमधून वाट काढत थेट दाराशी,
आणि दार उघडून बाहेर.
गारव्याचा एक लोट आत येईल,
पहिल्या रांगेतली बाई शाल ओढून घेईल.

अडचण एवढीच, की परत यायचं कुठून.
लूसियाँ म्हणतो, मागचं दार जानेवारीत गोठतं.
ते बघायचंय.